दोन बोटं माया: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं इतकी आली की संपादकांनी या वेळी ब्लाउजचे प्रश्न बाजूला ठेवायला सांगितले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी डोंबिवलीत घरी बावीस वर्षं ब्लाउज शिवले आणि नंतर एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात चौदा वर्षं अल्टरेशनच्या टेबलावर बसले. आता गुडघे मशीनवर बसू देत नाहीत, म्हणून लिहिते. ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, पुढेमागे कपडा सैल करायला लागतं ते. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

माझं वय ५३. मुलगी नोकरीला बाहेरगावी, मिस्टर दुकानात. शनिवारी दुपारी मी झुडिओत नाहीतर वेस्टसाइडमध्ये जाते, दीड-दोन तास फिरते, कपड्यांना हात लावून बघते. कधी घेते, बहुतेकदा नाही. घरी सांगितलं तर हसतात. हे वेडेपण आहे का? (वाचक, नाशिक)

वेडेपण कसलं! तुम्हाला ते दुकान का आवडतं, ते सांगते.

१९७८ साल असेल. मी बारा-तेरा वर्षांची. मामाच्या लग्नासाठी साडी घ्यायला आईबरोबर दादरला गेले होते. चपला काढून गादीवर बसलो. समोरच्या माणसाने पहिली साडी मनगटाच्या एका झटक्यात आमच्यापुढे उलगडली. “वहिनी, नुसतं बघा हो, बघायला काय पैसे पडतात?” मग दुसरी, पाचवी, पंधरावी. मध्येच चहा आला. आईला त्यातली एकही पसंत नव्हती, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. आवडलेल्या कापडाची कड ती दोन बोटांत चोळून बघायची, त्या दिवशी हात मांडीवरच होते. पण तीस साड्या मोडायला लावल्या, वर चहा घेतला, आता उठायचं कसं? शेवटी तिने एक पोपटी साडी घेतली. पोपटी रंग तिला जन्मात आवडला नाही. ती साडी पुढे गोधडीत गेली. परतीच्या लोकलमध्ये ती एवढंच म्हणाली, “भीड भिकेची बहीण.”

तुमच्या त्या दुकानात ही भीडच काढून टाकली आहे. उलगडून दाखवणारा नाही, त्यामुळे त्याच्या कष्टाचं ओझं नाही. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली आहे, विचारायची नाही, घासाघीस नाही. घडी तुम्ही मोडा, घालायला दुसरं कोणी येतं. सहा कपडे आत नेऊन सहाच्या सहा परत दिले तरी ट्रायल रूमच्या दारातली मुलगी फक्त नंबराचा बिल्ला परत घेते. आपल्याकडे हे सुरू होऊन फार काळ नाही झाला. अंधेरीला शॉपर्स स्टॉप निघालं १९९१ मध्ये, कोलकात्याच्या गरियाहाटला पँटलून्स १९९७ मध्ये. वेस्टसाइडची गोष्ट तर मला फार आवडते. टाटांनी १९९८ मध्ये लॅक्मेची सौंदर्यप्रसाधनं हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि आलेल्या पैशांतून कपड्यांच्या दुकानदारीत पाय टाकला. सुरुवात केली ती लिटलवुड्स नावाच्या ब्रिटिश कंपनीचं बंगळूरचं दुकान विकत घेऊन. म्हणजे विलायतेत गावाच्या मुख्य रस्त्यावर जी दुकानं असतात, त्यातलंच एक रोप इथे लावलं म्हणायचं. झुडिओ त्याच घरातलं धाकटं भावंड. मार्च २०२५ अखेर त्याची ७६५ दुकानं होती आणि वेस्टसाइडची २४८. धाकट्याने थोरल्याला कधीच मागे टाकलंय.

दुसरी भीड घरची. प्रत्येक घरात एक आकडा असतो, ज्याच्या आत बाईने खर्च केला तर कोणाला सांगावं लागत नाही. स्वतः कमावत असली तरी असतो. आमच्याकडे तो बरीच वर्षं सहाशे होता. झुडिओत बहुतेक सगळं हजाराच्या आत, पुष्कळसं पाचशेच्या आसपास. हा आकडा त्यांनी आपल्या घरात डोकावून ठरवला असावा असं मला नेहमी वाटतं. दुकानदाराची भीड नाही, घरच्यांची नाही. मग दोन तास फिरावंसं वाटलं तर त्यात नवल काय?

मात्र भीड गेली की हातही सुटतो. माझ्या कपाटात आठ कुर्त्या अशा आहेत ज्या मी ‘स्वस्तच तर आहे’ म्हणून आणल्या, आणि आठांच्या पैशांत दोन चांगल्या आल्या असत्या. मी आता एक करते. आवडलेला कपडा हातात घेऊन, पैसे न देता, दुकानाला एक पूर्ण चक्कर मारते. गल्ल्यापाशी पोचेपर्यंत अर्ध्या वेळा तो मला नकोसा झालेला असतो. तुम्ही तर बहुतेकदा रिकाम्या हाताने परत येता म्हणता. मग हसणाऱ्यांना हसू द्या.

एका दुकानात मला एल बसतो. दुसऱ्यात डबल एक्सएल छातीत अडकतो. आणि छातीत बसला तर खांदे खाली उतरतात, गळा पडतो. वय ५१. माझं अंग दुकानागणिक बदलतं का? (वाचक, सांगली)

सगळ्यात जास्त पत्रं याच दुखण्याची आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

एल-एक्सएल ही मापं नव्हेत, नुसती नावं आहेत. एका कंपनीच्या चिठ्ठीवरचा ४० म्हणजे तुमच्या अंगाची छाती ४०, कपडा त्याहून दोन-तीन इंच सैल. दुसरीचा ४० म्हणजे कपड्याचीच छाती ४०, तुम्ही ३७-३८ च्या असाल तर बसेल. दोघीही खोटं बोलत नाहीत, पण ट्रायल रूममध्ये घाम तुम्हाला फुटतो.

आता खांदा का उतरतो ते बघा. कंपनी आधी एक नमुना शिवते, मधल्या मापाचा. तो बहुधा एका सडपातळ, सरळ पाठीच्या तरुण मुलीच्या अंगावर बसवून बघतात. मग बाकीची मापं त्या नमुन्यावरून हिशेबाने वाढवतात-घटवतात. त्याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंच वाढवली की त्याबरोबर खांदा थोडा, गळा थोडा, बाहीची लांबी थोडी वाढते. कागदावर ते बरोबर दिसतं. पण आपलं अंग असं वाढतं का? आपली छाती वाढते, पोट वाढतं, दंड भरतो, पाठ थोडी वाकते. खांद्याचं हाड मात्र पंचविशीत होतं तेवढंच राहतं. डबल एक्सएल शिवताना कंपनीने जिच्यासाठी खांदा रुंद केला ती बाई उंचीला पावणेसहा फूट असणार. तुम्ही नव्हे, मीही नव्हे.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने जवळपास पंधरा हजार बायकांची, प्रत्येकीची ५९ ठिकाणी, मापं घेतली. त्यांत गोऱ्या बायकांचीच मापं हिशेबात धरली, तीही स्वतःहून पुढे आलेल्यांची. तरीही पुढे कितीतरी वर्षं बायकांचे साइझ त्यावरून निघत राहिले. आपण आजवर विलायती आणि अमेरिकन तक्तेच वाकवून वापरत आलो. अलीकडे कापड मंत्रालय आणि निफ्ट (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) यांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग अशा सहा शहरांत थ्री-डी स्कॅनर लावून १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर माणसांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं. ते तक्ते उद्या दुकानांच्या कात्रीपर्यंत पोचले तर मी पेढे वाटीन.

तोवर हे करा. घरातली जी कुर्ती तुम्हाला सगळ्यात छान बसते ती पलंगावर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत टेप लावा, येईल त्याची दुप्पट करा. खांदा ते खांदा मोजा. मुंढा मोजा, म्हणजे खांद्याच्या शिवणीपासून काखेपर्यंत सरळ उभं. आणि दंडाशी बाहीची रुंदी. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पर्समध्ये टेप ठेवा, आणि दुकानात चिठ्ठी वाचण्याआधी कपडा मोजा. लोक बघतील. बघू देत.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभं राहून कोणालाही कुठलाही कपडा बरा दिसतो. लोकलची कडी धरायला करतो तसा हात वर करा. कुर्ती कमरेवरून वीतभर वर सरकली तर मुंढा खोल आहे. मोठा साइझ घेऊन तो सुधारणार नाही, आणखी खोल होईल. मग तिथल्या बाकावर बसा. मांडी घालून बसता येत असेल तर तसंही बसा.

खरेदी खांद्यावरून करायची, छातीवरून नाही. खांदा बरोबर, छाती इंचभर घट्ट, असं असेल तर शिवण उलटी करून आत माया बघा. बोटभर जरी असली तरी शिंपी ती उसवून देईल. पण स्वस्त कुर्त्यांत ओव्हरलॉकचे, म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून मशीनने घातलेले, दोरे शिवणीला खेटून असतात, माया पाव इंचसुद्धा नाही. का, तर तयार कपड्यात सगळ्यात मोठा खर्च कापडाचा. एका कुर्तीमागे चार बोटं वाचली की लाखभर कुर्त्यांत काय होतं तो हिशेब तुम्हीच करा. मायाच नसेल तर एकच उपाय: काखेत पतंगाच्या आकाराचा चौकोनी तुकडा जोडायचा. आमचे आजोबा घालायचे त्या बंडीला तो असायचाच. कापड खालच्या दुमडीतून काढा, नाहीतर बरोबरच्या ओढणीतून. किंवा मुळात रॅगलन बाहीची कुर्ती शोधा, जिची बाही थेट गळ्यापासून निघते. तिला खांद्याची शिवणच नसते, मग उतरणार काय?

आणि दर्शनी काचेतल्या पुतळ्यावर जाऊ नका. पुतळ्याच्या पाठीमागे कपडा मुठीत धरून टाचण्या मारलेल्या असतात. मी स्वतः मारल्या आहेत, एका कुर्तीला अकरा.

वय ४९. मुलीने जीन्स आणून दिली. सासूबाई म्हणाल्या, “आता या वयात?” घालू का? (वाचक, कोल्हापूर)

घाला. कंबर बेंबीपर्यंत येणारी घ्या, खाली बसणारी नको, नाहीतर दिवसभर ओढत राहाल. कापडात दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असलं तर बसता-उठताना काचत नाही; चार-पाच टक्के असलं तर वर्षभरात गुडघ्यांना फुगे येतात. सासूबाईंना गुडघेदुखी असेल तर त्यांच्यासाठी एक इलॅस्टिकची पलाझो आणा. आमच्याकडे एवढ्यावर मिटलं होतं.

मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडमध्ये रेडिंगला आले आहे. मूळची साताऱ्याची, वय ५८. मुलगी मला मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये घेऊन गेली, म्हणाली, आई, हे तुझ्या वयाचं दुकान. खरंच आत सगळ्या माझ्याच वयाच्या बायका! पण मला १६ नंबर दिला, मी तर ४२ ची. पँट जमिनीला लोळते. इथून काय घ्यावं? (एक आजी)

आजी, आधी अभिनंदन!

मुलगी म्हणाली ते खरं आहे. त्या दुकानाचा जन्म मोठा गमतीचा. मायकल मार्क्स नावाचा एक ज्यू निर्वासित रशियाच्या ताब्यातल्या मुलखातून आला, आणि इंग्रजी धड येत नसताना त्याने १८८४ मध्ये लीड्सच्या कर्कगेट बाजारात एक बाकडं लावलं. वर पाटी: किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. (भाषा येत नसेल तर घासाघीस टाळायचा याहून सोपा उपाय कुठला? आणि बघा, वर नाशिकच्या बाईंना मी जे सांगितलं तेच इथेही.) स्पेन्सर भागीदार म्हणून आला १८९४ मध्ये.

त्या दुकानाची वर्षानुवर्षं एकच ओढाताण चालू आहे: गिऱ्हाईक पन्नाशीचं, मन पंचविशीवर. २००१ मध्ये त्यांनी पर उना नावाचा ब्रँड तरुणींसाठी म्हणून काढला. काढणारा जॉर्ज डेव्हिस, ज्याने आधी नेक्स्ट ही कपड्यांच्या दुकानांची साखळी उभी केली होती. तो पुढे आयांचाच ब्रँड म्हणून ओळखला जाऊ लागला. मग २००५ मध्ये जाहिरातीत त्यांनी ट्विगीला आणलं. साठच्या दशकातली ती काडीसारखी मॉडेल तेव्हा पंचावन्नची होती. हे मला शहाणपणाचं वाटलं. निदान आपल्या वयाचा चेहरा भिंतीवर दिसला. बाकी या वयाच्या बायका जिथे जायच्या ती दुकानं एकेक करून बंद पडली, बीएचएस २०१६ मध्ये, डेबनहॅम्सची २०२१ मध्ये. म्हणून आत तुम्हाला एवढी गर्दी दिसली असेल.

नंबराचं म्हणाल तर तिथला १६ म्हणजे इंच नव्हेत, तो नुसता क्रमांक. ब्रिटनचा १४ सहसा युरोपात ४२ होतो आणि अमेरिकेत १०. म्हणजे चिठ्ठीवर ४२ दिसला म्हणून तो आपला ४२ समजू नका. पँट लोळते म्हणजे तुम्ही रेग्युलर लांबीची घातली. त्याच पँटमध्ये शॉर्ट लांबी मिळते, ती मागा. आणि पाच फूट तीन इंचांच्या आतल्या बायकांसाठी पेटीट नावाचा वेगळा विभाग असतो. त्यात फक्त लांबी नव्हे, खांदा, बाही, कमरेची जागा सगळंच आखूड बेताने कापलेलं असतं. सातारच्या बाईने सरळ तिथेच जावं.

काय घ्यावं? अंतर्वस्त्रं. संकोच करू नका. तिथे बाई आत येऊन माप घेऊन सांगते, त्याचे पैसे घेत नाहीत. मी चौदा वर्षांत किती कुर्त्या अल्टर केल्या ज्यांचा दोष कुर्तीत नव्हताच, आतल्या चुकीच्या मापात होता, त्याची गणती नाही. दुसरं, नातवंडाचे कपडे: ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नाही, मोठ्यांच्यावर २० टक्के आहे. पूर्वी परदेशी पाहुण्यांना तो विमानतळावर परत मागता यायचा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ती सोय गेली, तेव्हा पावत्या जपून ठेवण्याचा खटाटोप करू नका. कुर्ते-सलवारीवर घालायचे स्वेटर आणा. सुती टॉप मात्र आणू नका, ते दुकान २००१ पासून आपल्याकडेही आहे.

माझ्या मुलीच्या रेयॉनच्या कुर्त्या दोन धुण्यांत आखडतात, शिंप्याने केलेली लांबी बिघडते. स्वस्त म्हणून खराब माल देतात का? (वाचक, इचलकरंजी)

इचलकरंजीच्या बाईने मला कापडाबद्दल विचारावं, हा माझा मान समजते.

माल खराबच असतो असं नाही. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, झाडाच्या लगद्यापासून करतात. नागद्याचा ग्रासिमचा कारखाना १९५४ पासून त्याचा धागा काढतो, आणि हल्ली कुर्तीला ‘लिव्हा’ असं बिल्लं लटकलेलं असतं ते त्याच बिर्लांचं. कापड अंगावर पाण्यासारखं पडतं, पोट झाकतं, रंग खुलतो. आपल्या वयाच्या बायकांना कुर्ती आवडायला लागली त्यात रेयॉनचा हात मोठा आहे. पण ओलं झालं की ते अगदी दुबळं होतं. बादलीतून काढून पिळलंत की धागा ताणला जातो, वाळताना आखडतो. म्हणून गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं घालायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लांबी कमी करायची असेल तर आधी एकदा धुवा, मग शिंप्याकडे द्या. आमच्या टेबलावर रोज दोघी-तिघी नवीकोरी कुर्ती घेऊन यायच्या, आत्ताच आखूड करून द्या म्हणायच्या. मी म्हणायचे, धुऊन आणा. सुपरवायझर माझ्याकडे डोळे वटारायचा, कारण अल्टरेशन तिथल्या तिथे झालं की माल परत येत नाही. शेवटी मी गप्प कापायला लागले. ते अजून मनाला लागून आहे.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पत्नीला न सांगता ड्रेस घ्यायचा आहे. माप कसं कळणार? (एक वाचक, ठाणे)

तिची सगळ्यात जास्त वापरून विटलेली कुर्ती वाळत घातलेली असेल, तिची वर सांगितलेली चार मापं घ्या. नवी कोरी कपाटातली घेऊ नका, ती बसत नाही म्हणूनच नवी राहिली आहे. बिल जपून ठेवा, बदलून मिळण्याची मुदत त्यावर असते. आणि ‘यात बारीक दिसशील’ हे वाक्य उच्चारू नका.

को-ऑर्ड सेट २,७९९ चा घेतला. मैत्रीण म्हणते कर जास्त बसला. खरं का? (वाचक, पुणे)

खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. सवलत वजा जाऊन जी किंमत राहते ती धरतात. टॉप आणि पँट वेगवेगळे विकायला असते तर दोन्ही पाचात बसले असते. शिवाय टॉप एल आणि पँट एक्सएल घेता आली असती, जी आपल्यापैकी निम्म्या जणींना लागते. म्हणून मी सेट घेतच नाही.

वय ६४. डावा खांदा धरला आहे, डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. डोक्यावरून काही घालता येत नाही. मागच्या महिन्यात सुनेबरोबर गेले होते, ट्रायल रूममध्ये कुर्ती अर्ध्यात अडकली. ना वर जाईना, ना खाली. सुनेला हाक मारायची लाज वाटली. दहा मिनिटं तशीच उभी होते. घरी मुलीने दिलेल्या सहा कुर्त्या पडून आहेत. (वाचक, रत्नागिरी)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही एकट्या नाही. कात्री घेऊन या म्हणून मला ट्रायल रूममध्ये बोलावणं यायचं, वर्षातून चार-पाच वेळा तरी. बहुतेक जणी पन्नाशीपुढच्या. एकीने तर आतून मला आधी कुर्तीचे पैसे दिले आणि मगच कापू दिली.

पुढच्या वेळी दुखरा हात आधी घाला, चांगला नंतर. काढताना उलटं, चांगला आधी, दुखरा शेवटी. नवीन घेताना गळ्यापासून खालपर्यंत पूर्ण बटणांचीच घ्या. दुकानात शर्ट ड्रेस म्हणून टांगलेले असतात, लेगिंगवर कुर्तीसारखे चालतात. कधीकधी नुसती शोभेची बटणं शिवलेली असतात, ती उघडत नाहीत, आत हात घालून बघा.

घरच्या सहा कुर्त्या टाकू नका. एकदा धुऊन शिंप्याकडे न्या. पुढचा भाग मधोमध गळ्यापासून ओटीपोटापर्यंत कापायला सांगा, खालपर्यंत नको. दोन्ही कडांना पट्टी लागेल आणि तेवढं कापड कुर्तीत निघणार नाही, तेव्हा जुन्या खणाचा नाहीतर इरकलीचा काठ द्या. वेगळा रंग मुद्दाम लावल्यासारखा दिसतो. रेयॉन असेल तर पट्टीच्या आत बकरम, म्हणजे ताठ अस्तर, घालायला सांगा, नाहीतर ती लोंबेल. बटणं जरा मोठी, बोटांत धरता येतील अशी. आणि बायकांच्या कपड्यात बटणं डाव्या बाजूला असतात, काजं उजव्या. तुम्ही ती उलटी करून घ्या, बटणं उजव्या बाजूला, पुरुषांच्या शर्टाला असतात तशी, म्हणजे उजव्या हातानेच सगळं उरकेल. शिंपी म्हणेल, “काकू, ही तर जेंट्सची पट्टी झाली.” त्याला म्हणा, हो, तशीच हवी.